जकात माझ्याकडे मागा

सरकारने मला फसवले आणि त्याची पावती या माणसाने फाडली. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याविषयी बरे बोललो तरी माझा राग उतरला असे कोणी समजू नये.

रत्नागिरीच्या जकात नाक्यावर तो कारकून होता. ट्रक थांबला की फळीवर दोन थापा मारायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचा, "चला शेट, आधी खोटं सांगून घ्या. मग कामाला लागू."

मी हातगाडीवर नळाच्या तोट्या विकत विकत टाइल्सच्या दुकानापर्यंत आलेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय मला जेवण पचत नाही.

"अर्धा माल फुटका आहे," मी म्हणायचो.

तो खोका उघडायचा, टाइलवर टिचकी मारून कान लावायचा. "ही तर गातेय!"

"रडतेय ती."

"मग सुरात रडतेय. पूर्ण जकात."

आमचे आवाज चढले की मागच्या गाड्यांचे ड्रायव्हर हॉर्न सोडून खाली उतरायचे. एकाने तर भाजलेले शेंगदाणेच आणून वाटले. मी चहा पुढे केला की हा हात मागे घ्यायचा. "तुमचा चहा महाग पडतो, शेट." खेड्यांतून भाजीच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बायांना मात्र तो हाताने पुढे काढून द्यायचा. "मानेवर एवढं ओझं आहे, त्यात माझं कशाला?"

मग जकात जाणार अशी बोलवा उठली. मी हसलो. बांधावरच्या दगडी गडग्याचा वाद कोकणी माणूस एकवेळ सोडेल, पण हाती येणारा पैसा सरकार सोडणार? अशक्य!

त्याच दिवसांत माझा भरलेला ट्रक आला. त्याने फळीवर थापा मारल्याच नाहीत. जवळ येऊन हळूच म्हणाला, "शेट, गाडी मागे हायवेवर हातखंब्याला उभी करा. चार दिवस कळ काढा."

ज्याने मला कधी एक रुपया सोडला नाही, तो फुकट सल्ला देतोय? मी ओळखले, ही नवी खेळी. ट्रकचे भाडे चढवून मला नरम करायचा डाव!

"पावती फाडा," मी गरजलो.

"अहो, खरं सांगतोय."

"नाक्यावर खरं कोण बोलतं?"

त्याने पावती फाडली. त्याच आठवड्यात जकात बंद झाली.

नाक्याचा बांबू वर गेला तो खाली आलाच नाही. बाजारात पेढे वाटले गेले. मलाही एक मिळाला, तो मी रागाने खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच गिऱ्हाइकांची झुंबड. सगळ्यांत पुढे राजिवडा मोहल्ल्यातली खाला. मुलगा कुवेतला, घर नवे, टाइल्स हव्यात.

"शेट, जकात उठली ना? मग भाव का बसून राहिला?"

"खाला, हा माल जकात भरून आलाय."

"असं तर सगळेच सांगतात."

मागची माणसे हसली. मी कॅल्क्युलेटर असा आपटला की त्याची बटणे काउंटरभर उडाली. तेवढ्यात तो कारकून आत शिरला. नाका बंद, नव्या खात्यात बदलीचा हुकूम यायचा होता. काउंटरशी उभा राहून त्याने आरोळीच ठोकली, "यांना काही बोलू नका! या मालाची जकात मी घेतली. माझ्याकडे मागा!"

खालाने हात पुढे केला. "मग दे."

"खाल्ली."

"एकट्याने?"

"नगरपालिकेने. मी नुसता चावून देत होतो."

खाला हसत हसत खुर्चीत बसली, आणि गिऱ्हाईक बसले म्हणजे सौदा झाला.

माल संपेपर्यंत तो रोज आला. शिव्या खायचा, टाइलचे गाणे ऐकवायचा, पुन्हा शिव्या खायचा. शेवटचा खोका गेला तेव्हा मी चहा मागवला. या वेळी तो प्यायला.

"पुढची गाडी बिनजकातीची," तो म्हणाला. "भाव उतरवा, शेट. नाहीतर मी इथं उभा राहिलो ते खोटं ठरेल."

मी दुकान डोक्यावर घेतले. खूप बोललो. मग भाव उतरवला. समोरच्या दुकानदाराने उतरवला नाही, आणि त्याला कोणी जाबही विचारला नाही. त्या नफ्यातून त्याने घरावर दुसरा मजला चढवला.

कारकून पाणीपट्टी खात्याकडे गेला, निवृत्त झाला आणि देवरूखला मुलीकडे राहायला गेला. व्हॅट आला तेव्हा आम्हा व्यापाऱ्यांना एका सभागृहात बसवून साहेबांनी समजावले, की जुन्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळेल. मी उठून ओरडलो, "ही अक्कल जकातीच्या वेळी कुठं होती?" सभागृह हसले. त्याला हे सांगायलाच हवे, म्हणून घरी येऊन देवरूखला फोन लावला.

"बाबा शिमग्याच्या आधीच गेले," मुलगी म्हणाली.

त्याला सांगायचे ते राहिले. आता तुमच्यासमोर बोलतो. ज्या माणसाने जकात लावली नाही की उठवली नाही, तो माझ्या काउंटरशी उभा राहून सगळ्यांना उत्तर देत होता. ज्यांनी लावली आणि ज्यांनी उठवली, त्यांच्यातल्या एकाने तरी यावे. माझ्या त्या ट्रकचे आणि समोरच्याच्या दुसऱ्या मजल्याचे उत्तर मला तोंडी हवे आहे. दुकान रविवारीही उघडे असते.