मावशीने ओळखलेलं घड्याळ

माझी मावशी एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर उभी राहून म्हातारी झाली. तिथे कपड्यांना चिठ्ठ्या लावायची पद्धत होती, पण मावशीला चिठ्ठीची गरज पडत नसे. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिचा हात बरोबर त्याच्या कोटावर गेलेला असायचा. एकदा दोन जुळ्या भावांचे एकाच कापडाचे सूट आले. कुठला कोणाचा, हे त्यांचं त्यांनाच कळेना. मावशीने दोन्ही उलटसुलट करून पाहिले आणि एकाला म्हणाली, "हा तुमचा. तुम्ही उजव्या खिशात किल्ल्या ठेवता." मालक म्हणायचे, "बाई, तुम्ही मेल्यावर मला दुकान बंद करावं लागेल." मावशी म्हणायची, "मरायचं कशाला, मी नुसती रजेवर जाते, मग बघा गंमत."

तिचा हा लौकिकच पुढे तिच्या मुळावर आला.

मावशीला एकुलती एक मुलगी. गोल चेहरा, मोठे डोळे, लाकडी बाहुलीसारखी, म्हणून सगळे तिला ठकी म्हणायचे. माझ्यापेक्षा थोडी मोठी. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. एका उन्हाळ्यात, संध्याकाळी दुकान आवरून ती मागच्या गोदामाला कुलूप लावायला गेली, ती घरी आलीच नाही. सकाळी मालकाने गोदाम उघडलं तेव्हा ती खोक्यांच्या मधे पडलेली होती. गळा आवळलेला. याहून जास्त मी सांगणार नाही. मावशीनेही कधी सांगितलं नाही.

पोलिसांनी त्या दुकानात खोकी आणून टाकणाऱ्या माणसाला धरलं. वर्तमानपत्रांनी त्याला "पार्सलवाला" म्हटलं आणि तेच नाव त्याला चिकटलं. त्या संध्याकाळी कुठे होतास असं विचारल्यावर तो आधी म्हणाला घरी, मग म्हणाला दारूच्या गुत्त्यावर. त्याच्या खोलीत एक बायकी घड्याळ सापडलं, निळ्या तबकडीचं. ठकीचं घड्याळ तसंच होतं, आणि तिच्या अंगावर ते नव्हतं. तो म्हणाला, जुन्या बाजारातून घेतलं. काही दिवस झोपू दिलं नाही, तेव्हा त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांसमोर आल्यावर मात्र म्हणाला, "साहेब, तेव्हा तुम्ही म्हणाला असतात तर माझ्या आईलाही मीच मारलं असं सांगितलं असतं. मला फक्त झोपायचं होतं."

अख्खं शहर दुभंगलं. कोर्टाबाहेर रस्त्याच्या एका बाजूला फाशी मागणारे, दुसऱ्या बाजूला फाशी नको म्हणणारे. आम्ही घरचे मधून वाट काढत आत जायचो. दोन्हीकडचे आमच्याकडे दयेने बघायचे, आणि मला दोन्हींची भीती वाटायची.

मावशीची साक्ष झाली, त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. सरकारी वकिलांनी आधी लॉन्ड्रीच्या मालकाला उभं केलं आणि त्याच्याकडून वदवून घेतलं की इतक्या वर्षांत बाईंच्या हातून एकही कपडा चुकीच्या माणसाकडे गेला नाही. मग मावशीच्या हातात ते घड्याळ दिलं.

"हे कोणाचं?"

"माझ्या मुलीचं."

"पट्टा बदललेला आहे. मग कशावरून म्हणता?"

"काचेवर ओरखडा आहे. सहाच्या आकड्यापाशी."

पार्सलवाल्याचे वडील आमच्याच रांगेत, कडेला बसले होते. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले. निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की या आईच्या नजरेवर शंका घेण्याचं कारण दिसत नाही. फाशी.

त्यानंतरची वर्षं अपिलांमध्ये गेली. काका, म्हणजे मावशीचे यजमान, बस चालवायचे. मुळातच अबोल. ठकी गेल्यावर त्यांच्या तोंडी एकच वाक्य उरलं होतं, "एकदा ते होऊन जाऊ दे." ते म्हणजे काय, हे घरात कोणी विचारत नव्हतं. ते झालं की ठकीचे वडील पुन्हा जेवतील, झोपतील, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो.

मधे एकदा पार्सलवाल्याची नवी वकील दुकानात आली. तरुण पोरगी, घामाघूम, हातात जाडजूड पिशवी. म्हणाली, "मावशी, मी भांडायला नाही आले. त्या घड्याळाबद्दल एकच विचारायचंय. तुमची शंभर टक्के खात्री होती?"

मावशीने इस्त्री खाली ठेवली. "तुझी आई आहे ना जिवंत? जा, तिला विचार, तिला तुझ्या वस्तू ओळखता येतात का ते. आणि पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस."

पोरगी गेली. मावशी मला म्हणाली, "खून करणाऱ्याला वकील मिळतो गं. आपल्या ठकीला कोण मिळालं?"

मग दयेचा अर्ज फेटाळला गेला आणि फाशीची तारीख ठरली. काकांनी दाढी केली. मला म्हणाले, "आता होईल." त्याच सुमारास मावशीला कपाटात कसर लागलेली दिसली. ठकीचा हिवाळ्यातला कोट तिथे टांगलेला होता, ती गेल्यापासून तसाच. मावशीने आयुष्यभर लोकांचे कपडे धुतले, पण तो कोट धुतला नव्हता. त्याला ठकीचा वास होता. दुकानात कपडा आला की सगळ्यात आधी खिसे तपासायचे, हा तिचाच नियम. या कोटाच्या खिशात तिने कधी हात घातला नव्हता.

त्या दिवशी घातला. खिशाला आतून भोक होतं. बोटं अस्तराच्या आत गेली, आणि खाली शिवणीपाशी काहीतरी टणक लागलं.

तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. ती एवढंच म्हणाली, "ये." मी पोचले तर ती पलंगावर बसलेली, मांडीवर उसवलेला कोट, आणि तळहातावर निळ्या तबकडीचं घड्याळ. चामड्याचा पट्टा. पट्ट्याला एक जादा भोक, कडा जळालेल्या. ठकीचं मनगट बारीक होतं म्हणून काकांनी खिळा तापवून स्वतः पाडलेलं.

"हरवलं म्हणून ओरडा बसेल, या भीतीने ती मला बोलली नसणार," मावशी म्हणाली. "हिवाळा संपल्यापासून सारखी विचारायची, आई, किती वाजले? मी म्हणायचे, स्वतःच्या हाताकडे बघ की."

काका कामावरून आले. मावशीने काही न बोलता हात पुढे केला. काकांनी घड्याळ बघितलं, पट्टा बघितला, भोकावरून अंगठा फिरवला. मग तोंड फिरवलं.

"ठेव परत जिथे होतं तिथे."

"अहो, असं कसं?"

"घड्याळ दुसरं निघालं म्हणजे माणूस दुसरा होतो का? कबूल केलं ना त्याने? खोटं बोलला ना तो?"

"तो खोटं बोलला असेल. पण मीही बोलले."

"तू खोटं बोलली नाहीस. चुकलीस."

मावशीने घड्याळ मुठीत मिटलं. मग जे म्हणाली ते मी विसरू शकत नाही. "कोर्टाच्या आधी तो तपास करणारा साहेब मला ते घड्याळ दाखवायला घरी आला होता. मला काही कळेना. तसली घड्याळं शेकड्यांनी असतात. मग त्याने काचेवर बोट ठेवलं आणि विचारलं, हा ओरखडा तिच्याच घड्याळावरचा ना? मला आधी त्याचं बोट दिसलं. ओरखडा मग दिसला. आणि एकदा दिसल्यावर मला तो ठकीच्या मनगटावरही दिसायला लागला, अगदी लहानपणच्या आठवणीतसुद्धा. तेव्हा तर तिच्याकडे घड्याळही नव्हतं."

काका उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आणि मी त्या वकीलबाईच्या ऑफिसचा जिना चढलो. अरुंद जिना, वर एकच खोली, खुर्चीवरसुद्धा कागद. मावशीला दारात बघून ती पोरगी उभी राहिली आणि उभीच राहिली. मावशीने घड्याळ टेबलावर ठेवलं. "मला ओळखता येत नाही," म्हणाली, "असं लिहून घे."

फाशी थांबली. पुन्हा सुनावणी लागली. पहिल्या वेळी जे मावशीच्या पाया पडायच्या बेतात होते, तेच आता कोर्टाबाहेर तिच्यावर ओरडत होते. एका बाईने विचारलं, "किती घेतलेस पोरीचे?" आत तर त्याहून वाईट. नवे सरकारी वकील तिला म्हणाले, "बाई, तेव्हा तुमची खात्री होती. आता उलटी खात्री आहे. आम्ही कुठली धरायची?"

"तेव्हा मला खात्री हवी होती," मावशी म्हणाली. "आता नकोय, तरी आहे."

त्या दिवसांत तिने दुकानात शर्टांच्या कॉलरना इस्त्री करणं सोडलं. बाकी सगळं करायची. कॉलर आली की शर्ट शेजारी इस्त्री करणाऱ्या बाईकडे सरकवायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "बटण लावलेली कॉलर हातात आली की आत मान असल्यासारखं वाटतं गं." काका तोवर आपल्या भावाकडे राहायला गेले होते. भांडण नाही, तंटा नाही. एक दिवस कामावरून सरळ तिकडेच गेले.

निकाल लागला तो असा: घड्याळाचा पुरावा बाद, पण कबुलीजबाब आणि खोटी उत्तरं कायम. जिथे शंका आहे तिथे जीव घेता येणार नाही, फाशीऐवजी जन्मठेप. म्हणजे तो निर्दोष नाही आणि पुरता दोषीही नाही. धड ना इकडे, धड ना तिकडे. वकीलबाई रडली, आनंदाने की कशाने तिचं तिलाच ठाऊक. पार्सलवाल्याचे वडील हे ऐकायला उरले नव्हते.

मावशीला त्याला भेटायचं होतं. सगळ्यांनी नको म्हटलं, म्हणून मीच गेले सोबत. भेटीची खोली शाळेच्या वर्गासारखी, भिंती अर्ध्यापर्यंत हिरव्या. तो आला. जाड झालेला, केस विरळ. कोर्टात बघितलेल्या पोराचा मोठा भाऊ असावा तसा. तो काही तिच्या पाया पडला नाही. म्हणाला, "पहिल्या दिवसापासून सांगत होतो, बाजारातून घेतलं. बहिणीला द्यायला."

"माझं चुकलं," मावशी म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

पहाऱ्यावरच्या शिपायाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तेव्हा पार्सलवाला जरा मवाळ होऊन म्हणाला, "चांगली होती ती. खोकी उतरवली की पाणी द्यायची. हातावर भाजलेलं होतं ना तिच्या, इथे, कोपराच्या आत? मी विचारलं एकदा. म्हणाली, लहानपणी आईची इस्त्री लागली."

मावशीचा चेहरा उतरला. तो डाग ठकी जिवापाड लपवायची. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची. मला, सख्ख्या मावसबहिणीला, तिने तो दाखवला नव्हता.

बाहेर पडल्यावर मावशी भिंतीला धरून उभी राहिली. "काम करताना बाही वर केली असेल," मी म्हटलं.

"असेल."

"त्याने विचारलं, तिने सांगितलं. त्यात काय एवढं?"

"त्यात काहीच नसेल," मावशी म्हणाली. "किंवा मग असेल."

त्याच पावली ती वकीलबाईकडे गेली आणि हेही लिहून घे म्हणाली. त्या पोरीने पेन खाली ठेवलं. "मावशी, मी त्याची वकील आहे. मी हे ऐकू शकत नाही."

"मग मी हे कोणाला सांगू?"



काका त्या हिवाळ्यात एका दुपारी गरम कपडे न्यायला घरी आले. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. ते बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर टेकले, परक्या घरी आल्यासारखे.

"भेटलीस म्हणे त्याला. काही बोलला?"

मावशीने दारातून माझ्याकडे बघितलं. तिच्याकडे एक वाक्य होतं. तेवढं सांगितलं असतं तर काकांना त्यांची खात्री परत मिळाली असती, आणि तिला बहुधा नवरा. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"म्हणाला, ठकी त्याला पाणी द्यायची."

"ती सगळ्यांनाच द्यायची," काका म्हणाले, आणि ठकी गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं.

ते गेल्यावर मी विचारलं, "डागाचं का नाही सांगितलंस?"

"त्यांनी त्याचा दोर वळला असता."

काका पुढे परत आले, पण राहायला नाही. रविवारी येतात, जेवतात, जातात. तो माणूस अजून आत आहे. मावशी आता काम करत नाही. गुडघे गेलेत.

परवा मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. खूप गर्दी होती. एक पन्नाशीचा गृहस्थ लगेच उठला आणि म्हणाला, "आजी, बसा." मावशी बसली नाही. आधी तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हातांकडे. बघतच राहिली. ठकीला मारणाऱ्याला पूर्वी एक चेहरा होता, तो आता राहिलेला नाही. म्हणून ती या वयाच्या प्रत्येक पुरुषाकडे असंच बघते: बँकेत, रस्त्यावर, फाटकापाशी. तो बिचारा अवघडला. त्याने हात पाठीमागे घेतले.

"बसा ना," तो पुन्हा म्हणाला.

मी तिच्या दंडाला धरलं. मग ती बसली, आणि आमचा नंबर येईपर्यंत तिने त्याच्याकडून मान वळवली नाही.