बंद केलेला कूलर
कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या की त्यांचा ओला वास घरभर पसरतो, आणि मला सदर भागातल्या एका दुकानावरची गिटार क्लासची खोली आठवते. एका बोटाने सहाही तारा दाबून धरायचा एक कॉर्ड मला जमत नव्हता. मी तो घाईने वाजवून पुढे पळायचो. कूलरच्या घरघरीत सगळं खपून जायचं. मे महिन्यातल्या एका दुपारी, सर यायच्या आधी, सोबत शिकणाऱ्या एका काकूंनी उठून कूलरच बंद केला. "हळू वाजव गा," त्या म्हणाल्या, "एकेक तार. आम्ही ऐकून राहिलो." खोली गप्प झाली आणि माझ्या बसक्या तारा पहिल्यांदाच मला ऐकू आल्या. मी गिटार खाली ठेवणार, तेवढ्यात काटोलहून बसने येणारे एक संत्र्याचे व्यापारी म्हणाले, "थांबू नको. मले बी असंच होत होतं. मागचा अंगठा जरा खाली घे." मी अंगठा सरकवला आणि पुन्हा एकेक तार छेडत गेलो. सगळ्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तो पुसायलाही कोणी हात हलवला नाही. शेवटची तार स्वच्छ वाजली आणि तो सूर त्या तापलेल्या खोलीत इतका वेळ राहिला, की श्वास सोडायची भीती वाटली. एवढी माणसं माझ्या एका सुरासाठी अशी बसली होती. आज मुलगी गिटार घेऊन बसली, तेव्हा मी उठून कूलर बंद केला. "काहून बंद केला, बाबा?" तिने विचारलं. "तू वाजव, हळू," म्हणत मी तिच्यासमोर बसलो आणि घाम येऊ दिला.