मी खोटे ठरवलेले लग्न

नोकरीतली पुष्कळ प्रकरणे विसरलो. हे एक मात्र आजही डोळ्यांसमोर आहे, कारण यात गुन्हेगार कोणीच नव्हता आणि चूक माझी होती. संबंधितांची नावे देत नाही.

त्या वेळी मी मोताळा तालुक्याच्या बाजूला ठाणेदार होतो. जिल्हा कार्यालयाकडून एक अर्ज चौकशीसाठी आला. धामणगाव बढेकडच्या एका खेड्यातला माणूस आखातात एसी दुरुस्तीच्या कामाला होता. तिथे घरकाम करणाऱ्या श्रीलंकेच्या बाईशी त्याची ओळख झाली. ती पर्यटक व्हिसावर इकडे आली आणि गावात मांडव घालून दोघांचे लग्न लागले. लग्न लागले म्हणजे ती इथलीच झाली, असा घरच्यांचा समज. त्यात सासूला अर्धांगवायूचा झटका आला, बुलढाण्याच्या दवाखान्यात फेऱ्या सुरू झाल्या आणि व्हिसाची मुदत संपून गेली. भारतीयाची पत्नी म्हणून तिला इथे राहू द्यावे, अशी आता विनंती होती. लग्न खरे की कागदापुरते, एवढेच मला कळवायचे होते. तिचे राहणे किंवा जाणे त्यावर ठरणार होते.

अर्ज टेबलावर असतानाच ठाण्यात फोन आला. बाई दलालामार्फत आणली आहे, लग्न दाखवण्यापुरते आहे, असे बोलणाऱ्याने सांगितले आणि नाव न देता फोन ठेवला. लग्न जमत नसलेल्या मुलांना बाहेरून मुली आणून देणारे दलाल मी पूर्वी पकडले होते. त्यामुळे मला ते लगेच पटले.

दोघांना ठाण्यात बोलावून वेगवेगळे बसवले. नवऱ्याची उत्तरे बरोबर होती, पण पढवलेला माणूसही बरोबर उत्तरे देतो. मग बाईला आत घेतले. ती आखाती हिंदी आणि वऱ्हाडी मिसळून बोलत होती. घरात खोल्या किती, म्हैस कोण दोहते, सासूला औषध कोण देते, सगळे तिने न अडखळता सांगितले. मी नवऱ्याचे नाव विचारले. ती गप्प. पुन्हा विचारले. तिने पदर सारखा केला आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "ते बाहेर बसले हाय."

मी आवाज चढवला. ती रडू लागली, पण नाव काही निघाले नाही. सोबत बसवलेली महिला शिपाई शहरातली, आपल्या नवऱ्याला नावानेच हाक मारणारी. तिलाही ते संशयास्पद वाटले.

जाताना नवरा म्हणाला, "साहेब, ठाण्यात काय पाह्यता? घरी येऊन पाहा ना एकडाव."

गृहभेट द्यायलाच हवी होती. बंदोबस्त लागला होता, मी गेलो नाही. पतीचे नावदेखील सांगता येत नाही, सबब विवाह संशयास्पद, असा अहवाल मी पाठवून दिला.

अर्ज फेटाळला गेला. देश सोडण्याची नोटीस घेऊन मीच त्या घरी गेलो. ती सासूला मांडीवर टेकवून कण्या भरवत होती. म्हातारीचा एक हात निकामी, तोंड वाकडे, पण बोलणे कळत होते. सुनेला कशासाठी काढता, असे तिने विचारले. मी म्हणालो, हिला नवऱ्याचे नावसुद्धा माहीत नाही.

म्हातारी म्हणाली, "मीच सांगतलं तिले, मालकाचं नाव तोंडानं घेऊ नोको. तुमच्या मायनं घेतलं होतं का कधी?"

रेशनच्या दुकानात माझी आई मला पुढे ढकलायची आणि वडिलांचे नाव मला सांगायला लावायची. ते बघतच मी वाढलो होतो.

नोटीस बजावावीच लागली. दुसऱ्या दिवशी पूरक अहवाल पाठवला. फोन करणाऱ्याचा शोध घेतला, तर तो नवऱ्याचा चुलतभाऊ निघाला. दोघांत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद होता. खबर देणाऱ्याचे कोणाशी बिनसले आहे ते आधी बघा, असे मी नव्या शिपायांना नेहमी सांगत असे; या वेळी मीच ते बघितले नव्हते.

आदेश फिरला नाही. बाईला मायदेशी जाऊन तिथून पत्नी म्हणून व्हिसा मागावा लागला. माझा पूरक अहवाल तेव्हा उपयोगी पडला, पण बराच काळ गेला आणि दरम्यान म्हातारी वारली. शेवटी शेवटी ती सुनेलाच हाका मारत होती, असे कानावर आले.

एखाद्याला परका ठरवून आपण प्रश्न विचारायला बसलो, की त्याचे आपल्यासारखे वागणेही आपल्याला ओळखू येत नाही. एवढे या प्रकरणाने मला शिकवले, पण त्याची किंमत दुसऱ्यांनी भरली.

निवृत्तीनंतरही त्या गावी जायचा धीर होत नव्हता. अखेर गेलो. नवऱ्याने दारातच ओळखले. "आता काय राह्यलं साहेब?" तो म्हणाला आणि बाजूला झाला नाही. आतून तीच पाणी घेऊन आली. मी तांब्या घेतला, पण बसलो नाही.

"बाई," मी म्हणालो, "तुमचं लग्न मी खोटं ठरवलं. तुमची सासू तुमच्याबिगर गेली, ते माझ्यापायी. माफी मागाले आलो."