लडक्याच्या ताडावरचे मांजर

दि. ९ मार्च १९५९. रुपये पंचवीस. कैनाड गावच्या लडक्याची एवढी अनामत दारूबंदीच्या फौजदारांनी त्या दिवशी अडकवली आणि ताडावरून नीरा काढण्याचा त्याचा परवानाही खिशात घातला. कायमचा रद्द करायचा की नाही, हे शनिवारी ठरणार होते. ताड सोडला तर लडक्याला दुसरे काम येत नव्हते. त्याला जमिनीवर चालताना पाहिले की हा माणूस आता पडेल असे वाटे. ताडावर मात्र तो घरच्या ओसरीवर फिरावे तसा फिरे.

मी आमच्या नीरा विकणाऱ्या सहकारी मंडळीचा चिटणीस होतो. नीरा आंबून तिची ताडी होऊ नये म्हणून मडक्याला आतून चुना लावावा लागे. लडक्याची सगळी मडकी चुन्याने पांढरी असत. पण त्या दिवशीच्या तपासणीत कडेच्या एका ताडावरचे मडके कोरे निघाले आणि त्यात चांगली आंबलेली ताडी होती. लडक्याला विचारले, तर तो म्हणाला, "साहेब, ते मांजराचं. त्याला आंबलेलं आवडतं. त्याला एक मडकं दिलं की बाकीच्या मडक्यांना ते तोंड लावत नाय."

जबानीत "मांजर" असेच लिहिले गेले. फौजदार मूळचे देशावरचे, सरळ आणि काटेकोर. कागदावर मांजर आहे तर मांजरावरच पडताळा घ्यावा, असे त्यांनी ठरवले. मंडळीच्या गुळाच्या कोठीत उंदरांसाठी एक मांजर पाळलेले होते. जप्त केलेली चमचाभर ताडी दुधात घालून त्याच्यापुढे ठेवली. मांजराने बशी चाटून साफ केली. थोड्या वेळाने ते उठले, कोठीकडे निघाले, वाटेत गुळाच्या पोत्याला टेकले आणि तिथेच कलंडून झोपले.

"हे तुझं मांजर," फौजदार म्हणाले. "हे ताडावरून उतरणार?"

लडक्याला हसू आवरेना. त्याची बायको शुक्री दाराशी बसली होती. ती त्याच्यावरच उखडली. "ताडावरचं मांजर सांगायचं सोडून नुसतं मांजर काय सांगतोस? तू न पिता हलतोस, ते पिऊन सरळ जातं."

तेव्हा उलगडा झाला. तिच्या बोलण्यातले मांजर म्हणजे उदमांजर. लांब शेपटीचे, काळपट, दिवसा ढोलीत झोपणारे.

शाळेचे श्यामकांत मास्तर नीरा प्यायला आले होते. त्यांनी खुर्ची ओढली. उदमांजर नावापुरतेच मांजर, घराणे वेगळे, असे सांगून ते म्हणाले की दारू पचवणारे एक द्रव्य जनावरांच्या यकृतात असते. घोड्याच्या यकृतातून ते वेगळे काढूनही पाहिले आहे. आपल्यात आहे, मांजरात आहे, पण सगळ्यांचे सारखे नाही. एका आईची लेकरे असावीत तशी ही द्रव्ये, कुणाचा हात झपाट्याचा, कुणाचा मंद. ज्या जातीच्या पिढ्यान्पिढ्या झाडावरच्या अतिपिकल्या, आंबलेल्या फळांवर गेल्या, तिच्यात ज्यांचे द्रव्य मंद ते झाडावरून पडले असतील. झपाट्याचे होते त्यांचीच पिल्ले वाढली असतील. "उदमांजराचं कुणी तपासलंय का, ते मात्र मला माहीत नाही," असे त्यांनी प्रामाणिकपणे जोडले.

"मग आधी आमच्या हवालदाराचं यकृत तपासा," फौजदार म्हणाले. हवालदार खिडकीबाहेर पाहू लागला.

शनिवारी दिवेलागणीला, आता उदमांजरावरच पडताळा घ्यायचा म्हणून, आम्ही सगळे त्या कडेच्या ताडाखाली बसलो. ताडीचे मडके फौजदारांनी स्वतः पाहून वर चढवायला लावले होते. लडक्याच्या गुडघ्यावर शुक्रीने हात ठेवला होता. उजेड जवळजवळ गेला तेव्हा झावळ्या हलल्या आणि मडक्यात लपलप सुरू झाली. ती बराच वेळ चालली. मग ते जनावर खोडावरून डोके खाली करून उतरले, आमच्याकडे एकदा पाहिले आणि बांधावरून एका रेषेत निघून गेले. मडके उतरवले, तर तळाशी ओल तेवढी राहिली होती.

फौजदारांनी तिथेच परवाना लडक्याच्या हातात दिला आणि सोमवारी अनामतही मोकळी केली. अट एकच घातली: कोरे मडके बंद, जनावरासाठी असले तरी. लडक्याने मान हलवली. पण शुक्री म्हणाली, "म्हणजे आता ते सगळ्याच मडक्यांत तोंड घालणार."

तसेच झाले. रोजच्या नीरेत थोडी घट येऊ लागली. हिशेब तपासनिसांनी ती मंजूर केली नाही. उदमांजराच्या नावे खर्च टाकता येत नाही, असा शेरा मारला. लडक्याला हे समजावले, तेव्हा तो म्हणाला, "माझ्या नावावर टाका. माझ्याच ताडावर राहतं ते."

घट त्याच्या नावावर टाकली. त्यापैकी तीन रुपये साठ नये पैसे अजून येणे आहेत.