टाच न टेकलेलं पाऊल

नागावात नारळी-पोफळींच्या वाडीत दत्तात्रेयांचं घर होतं. घराला तक्तपोशीची माडी होती. माडीच्या फळ्यांखाली, बरोबर मधल्या खणात, दत्तात्रेयांचा पलंग आणि पलंगाला टेकवलेली वेताची काठी. सत्यवतीच्या आयुष्यातली सोळा वर्षं त्या काठीच्या टोकावर गेली, असं म्हटलं तर ते फारसं खोटं नाही.

तिचा नवरा मुंबईला गोदीत कारकून होता. तापाने चार दिवसांत गेला. माहेरी कुणी उरलं नव्हतं. १९२१ साली तीन वर्षांच्या रंगूला कडेवर घेऊन ती रेवसला बोटीतून उतरली आणि थोरल्या दिरांच्या दारात येऊन उभी राहिली. दत्तात्रेयांना गाव दादा म्हणे. दादांनी नाही म्हटलं नाही. धाकट्या भावजयीशी थोरल्या दिराने समोरासमोर बोलायची त्या घरात रीत नव्हती, म्हणून होकारही त्यांनी बायकोच्या, आवडाबाईंच्या, तोंडून कळवला. मायलेकींना माडी मिळाली.

रंगूच्या पायांत चांदीचे घुंगुरवाळे होते. मुंबईच्या खोलीत तिला धावायला जागाच नव्हती. इथे एवढी लांबलचक माडी. दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाली तशी ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत सुटली. टाचा अशा आपटत होती, की कोपऱ्यात पसरलेल्या सुपाऱ्या जागच्या जागी थरथरू लागल्या. खालून फळीवर काठी वाजली. तीन वेळा. मग आवडाबाई जिना चढून आल्या.

"हे विचारतायत, वर घोडा बांधलायस का गो?"

त्या हसत बोलल्या होत्या. सत्यवतीने हसण्यामागचं ऐकलं. या घरातून उठावं लागलं तर जायला दुसरं घर नव्हतं. त्याच दुपारी तिने रंगूचे वाळे काढून ट्रंकेच्या तळाशी ठेवले.

आधी तिने खेळ करून पाहिला. मांजर कसं चालतं, दाखव बघू. रंगू दोन पावलं मांजर व्हायची आणि तिसऱ्या पावलाला पुन्हा पोर. मग सत्यवतीने केरसुणीतला एक हीर काढून कमरेला खोचला. टाच वाजली, की हीर टाचेवर बसे. रंगू रडे तेही हळू, कारण खाली रडणंही ऐकू जात होतं. पाचवं सरायच्या आत पोर चवड्यांवर चालू लागली. माडीवर, जिन्यात, माजघरात, वाडीतसुद्धा. आवडाबाई शेजारणींना सांगत, गुणाची हो पोर, घरात आहे की नाही कळतही नाही. सत्यवतीने ते कौतुक म्हणून घेतलं. दुसरं काही म्हणून घेणं तिला परवडणारं नव्हतं.

पोरं घरात एवढी धपाधपा का चालतात, असा प्रश्न तिला त्या दिवसांत पडला नाही. कुणी विचारलं असतं तर तिनेही चारचौघींसारखं उत्तर दिलं असतं, की पोरांना आपल्या पायाचं वजन कळत नाही.

रंगू पंधरा वर्षांची झाली तेव्हा चौलहून ठमाबाई आपल्या मुलासाठी तिला बघायला आल्या. मुलगा शाळामास्तर होता, घरची वाडी होती, माणसं बरी होती. दादांनीच हे स्थळ आणलं होतं. नाव-गाव विचारून झालं, सुईत दोरा ओवून झाला. मग ठमाबाई म्हणाल्या, "बाय, पाय धुऊन ये आणि ओटीवरून जरा चालून दाखव."

मुलगी लंगडत नाही ना, हे बघायची ही जुनी रीत. रंगू लंगडत नव्हती. ती ओल्या पायांनी ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. ठमाबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या सारवलेल्या जमिनीवर उमटलेली पावलं बघत होत्या. पाच बोटं आणि चवडा. मागे काही नाही. टाचेची जागा कोरडी.

"लक्ष्मी टाच टेकून घरात येते," ठमाबाई सावकाश म्हणाल्या. "हे पाऊल राहायला आलेलं नाही हो. निघायच्या तयारीतलं आहे."

पाहुणे चहा न घेता उठले. बारा वर्षांत पहिल्यांदा दादा सत्यवतीशी सरळ बोलले.

"पोरीला धड चालायला तरी शिकवायचं होतंस."

उत्तर तिच्या गळ्यापर्यंत आलं. पण ती उभी होती तिथून तिला जिना दिसत होता, जिन्यावरची माडी दिसत होती.

"चुकलंच माझं," ती म्हणाली.

रंगू दाराआड उभी होती. ती कधी येऊन उभी राहिली, ते अर्थातच कुणाला ऐकू आलं नव्हतं.

त्यानंतर सत्यवती रोज सकाळी लेकीला वाडीत घेऊन जाई आणि सांगे, आपट पाय, टेक टाच. रंगू टेकायची. पोटऱ्या ओढतात म्हणायची. वाडीत जेमतेम जमलेलं घराच्या पायरीशी आलं, की सुटायचं आणि टाचा आपोआप उचलल्या जायच्या. मुलीच्या पायात खोड आहे ही बातमी तोवर चौलपासून अलिबागपर्यंत गेली होती. दोन वर्षांनी उरणच्या मिठागरावरचा मुकादम धर्माजी, थोराड मुलांचा बाप, तिला बिजवर मिळाला. त्याने चालून दाखवायला सांगितलं नाही. पाठवणीच्या वेळी सत्यवती कान देऊन उभी होती. लेक गेली, पण जाताना ऐकू आली नाही.

१९३७च्या उन्हाळ्यात दादांचा मुलगा मुंबईहून बायको-मुलीला घेऊन आला. नात तीन वर्षांची. पायांत नवे घुंगुरवाळे. दुपारी ती माडीवर धावू लागली तेव्हा सत्यवती खाली माजघरात तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला. ती काठीची वाट बघू लागली.

काठी पलंगाला टेकलेलीच राहिली. दादा पलंगावर उताणे पडून फळ्यांकडे बघत होते. फळ्यांतून धूळ गळून त्यांच्या छातीवर पडत होती, तीही ते झटकत नव्हते.

"ऐकलंस का?" ते आवडाबाईंना म्हणाले. "घर कसं भरल्यासारखं वाटतंय."

सत्यवती सूप ठेवून उठली आणि जिना चढून वर गेली. पोर तिच्याकडे बघून हसली आणि आणखी जोरात धावली. पायाचं वजन तिला चांगलं कळत होतं. पायाखाली आजोबांचं घर आहे, हेही कळत होतं. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, तसं ते कुणाला शिकवावं लागतही नाही. शिकवावं लागतं ते उलटं, आणि ते सत्यवतीने केरसुणीच्या हिराने शिकवलं होतं.

ती माडीच्या मधल्या खणात येऊन थांबली. सोळा वर्षांत जे केलं नव्हतं ते तिने केलं. उजवा पाय उचलला आणि टाच फळीवर आपटली. एकदाच.

खालून काठी वाजली. तीन वेळा.

पोर क्षणभर थबकली आणि काकीआजीच्या पायांकडे बघून पुन्हा धावत सुटली. काठी मग वाजली नाही. सत्यवती चवड्यांवर जिना उतरली आणि तिने सूप पुढे ओढलं.