वन्संची वेगळी शेगडी

देवासहून आलेल्या गाडीवानानं शाळेच्या दारातच मला गाठलं. "बाईजी, बडी मास्टरनीबाई नहीं रहीं." वन्सं गेल्या... मुलींना सुट्टी दिली, घरी येऊन स्नान केलं. या गोष्टीला आता दीड महिना होईल.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. लहानपणीच विधवा झालेल्या, पुढे देवासला थोरल्या पातीच्या कन्याशाळेत मुख्य बाई. त्या एकाच गावात दोन राजांची दोन राज्यं, थोरली पाती नि धाकटी पाती. यजमान वारल्यावर मी मुलांना घेऊन त्यांच्याकडे राहिले आणि त्यांच्याच शाळेत हंगामी शिक्षिका झाले. घरी मी थोरली, सणावारी त्या मला वाकून नमस्कार करत. शाळेत त्या आल्या की मी उठून उभी राही. एवढं जमलं. जमेना ते वर्षअखेरीस, शिक्षिकांवर शेरे लिहायच्या वेळी. माझं कायम होणं त्या शेऱ्यावर होतं, आणि पोरांचं पोट माझ्या कायम होण्यावर. तो महिना वन्सं माझ्या हातचं जेवत नसत. पडवीत लोखंडी शेगडी मांडून स्वतःपुरता भात टाकत.

"तुमची आमटी जेवून तुमच्याविषयी खरं लिहवत नाही मला."

"कोरडा भात खाऊन पोट बिघडेल, तर तो रागही माझ्याच शेऱ्यात उतरायचा," मी म्हणे. त्या हसत नसत.

एका वर्षी त्यांनी लिहिलं, मुलींवर धाक फार. शेजारच्या वर्गावरच्या बाई छडी घेऊन बसत, त्यांना मात्र 'शिस्त उत्तम'. मी सरळ पडवीत गेले.

"मी परकी असते तर?"

त्या विस्तवाला फुंकर घालत राहिल्या. "तर उत्तम लिहिलं असतं. तुमच्याविषयी बरा शब्द लिहिला की तपासनीससाहेब हसतात, वहिनी. म्हणून मी आधीच कापून लिहिते. किती कापावं, ते आता मलाच कळेनासं झालंय..."

"मग रस्त्यापलीकडे धाकट्या पातीच्या शाळेतल्या बाईंना लिहू दे. दुसरं राज्य, दुसरे साहेब."

"त्यांनी तुमचा वर्ग कधी पाहिलाय?"

भात उतरवून त्या म्हणाल्या, "धारला जागा आहे. जा. माझ्या हाताखाली आहात तोवर तुम्ही कायम व्हायच्या नाहीत."

घराबाहेर काढतात, असं वाटून मी चिडले. मग बिऱ्हाड उचललं. धारच्या बाईंनी माझा तोच धाक पाहिला, त्याला शिस्त म्हटलं, आणि मी कायम झाले.

वन्संच्या सामानातून मी फक्त शेगडी आणली. आता इथे धारला मी मुख्य बाई आहे आणि माझी भाची दुर्गा माझ्याच हाताखाली, हंगामी. शेरे लिहायचे दिवस जवळ आलेत. काल तिनं शेगडी घासून विचारलं, "मावशी, ही कुठे ठेवू?"

"तुझ्या सामानात बांध. बदनावरच्या शाळेत जागा आहे."

तिचा चेहरा उतरला. "माझं काय चुकलं?"

"काही नाही. हात धू आणि पानावर बस, आमटी निवतेय."