जबलपूरला मागे ठेवलेले स्टीलचे कप

हिवाळ्यात जबलपूरला जायचं मनात असेल तर जरूर जा. पुण्याहून थेट गाडी आहे, शाल जवळ ठेवा आणि खोव्याची जलेबी गरम असतानाच खा. मी मात्र फिरायला गेले नव्हते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत मधुमेह किती, याचा अभ्यास आमची संस्था करते आहे. त्यासाठी रक्त द्यायला माणसं तयार करणं हे माझं काम. निघताना सरांनी बजावलं होतं, "सगळ्या समाजांतली माणसं हवीत. एकाच गल्लीचं रक्त आणू नकोस." मी तोऱ्यात हो म्हटलं.

पहिलं शिबिर शहरातल्या सदर भागात, एका देवळाच्या हॉलमध्ये झालं. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग चहा-पोहे. हॉलचेच स्टीलचे कप मिळाले, गर्दीही चांगली झाली. दुपारी नर्मदेच्या ग्वारीघाटावर नावेत फिरले (भाव आधी ठरवा) आणि स्वतःवर बेहद्द खूश होते.

संध्याकाळी हॉल सांभाळणाऱ्या भैयांकडे ते कप उद्यापुरते मागितले.

"कहाँ ले जाओगी, दीदी?"

"मदन महल के पास, बुद्ध विहार में."

"फिर रहने दो. वहाँ काग़ज़वाले चला लेना."

का, ते न कळण्याइतकी मी भोळी नाही. पण वाद कोण घालणार! "ठीक है" म्हटलं आणि बाजारातून कागदी कप घेऊन आले.

सकाळी विहाराचं अंगण भरलेलं होतं. ही सगळी माणसं सुशीलाताईंनी जमवली होती. त्या मूळच्या अमरावतीकडच्या, सरकारी नोकरीतून निवृत्त. त्यांच्या आईचा पाय साखरेपायी कापावा लागला होता, म्हणून त्या आमच्यासाठी घरोघरी फिरल्या होत्या. रक्त घ्यायला सुरुवात करणार, तेवढ्यात त्यांची नजर कपांवर गेली.

"काहून वो बाई, काल तिकडं स्टीलचे कप होते न? माझी मैत्रीण जाऊन आली."

"ते हॉलचे होते. त्यांनी इकडे द्यायला नाही म्हटलं."

"अच्छा. अन् तुम्ही काय म्हटलं?"

माझी मान वर होईना. "ठीक आहे म्हटलं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी लोकायले सांगून राहिली होती, का पोरगी आपली आहे," एवढंच बोलल्या. मग सगळ्यांकडे वळल्या. "चलो जी, घरी जाऊन खाऊन घ्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, पण रक्त काही दिलं नाही. कोणीच दिलं नाही.

परतीच्या गाडीत बर्फाची पेटी मांडीवर होती. आत एकाच गल्लीचं रक्त. समोरच्या बाईंनी विचारलं, भेडाघाट पाहिला का? नाही म्हणायचीही लाज वाटली.

पुण्यात पोचल्यावर सरांचा फोन आला. "विहारातलं कोणीच नाही? ते लोक तयार होत नाहीत, असं लिहू या का अहवालात?"

'ठीक आहे' पुन्हा अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही सर," मी म्हटलं. "ते आले होते. उपाशीपोटी आले होते."